रवानगी, पैवस्ती आणि घड्याळ : कराची–जुहू हवाई टपालाच्या कालमानाचा विचार

१. प्रास्ताविक

दोन नगरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहतां भूगोलाचा आहे. परंतु जुन्या कागदपत्रांशीं ज्यांचा नित्य परिचय आहे त्यांस तो बहुधा कालाचा प्रश्न म्हणूनच भेटतो. दप्तरांतील पत्रांत अमुक स्थळ अमुक कोसांवर आहे असें वाक्य येत नाहीं असें नाहीं. पण मजलांचा, दिवसांचा व प्रहरांचा उल्लेख त्याहून अधिक वेळां येतो. आणि हें स्वाभाविकच आहे. पत्र लिहिणाऱ्या कारकुनास भूमीची लांबी जाणून काय करावयाचें होतें? फौज केव्हां पोहोंचेल, हुंडी केव्हां पटेल, आणि पाठविलेला जासूद उत्तर घेऊन केव्हां परतेल, एवढेंच त्यास हवें होतें.

हीच दृष्टि अर्वाचीन हवाई प्रवासाच्या कागदांस लावली असतां काय निष्पन्न होतें, याचा विचार या लेखांत योजिला आहे. विमानाच्या प्रवासाचा काल मिनिटांपर्यंत नोंदलेला असतो, म्हणून तो निःसंशय असतो, असा सामान्य समज आहे. आमचें म्हणणें असें कीं, प्रवासकाल म्हणून दिलेला कोणताही आंकडा, मग तो मोडी पत्रांतील असो कीं विमानाच्या नोंदवहींतील असो, तीन गोष्टी ठरल्यावांचून पुरावा म्हणून घेतां येत नाहीं. पहिली गोष्ट, निघणें व पोहोंचणें कोठून कोठपर्यंत मोजलें. दुसरी, वाटेंतील मुक्काम त्यांत धरले कीं वगळले. आणि तिसरी, दोन्ही टोकांस घड्याळ कोणतें होतें. या तिन्ही गोष्टी तपासण्यास १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून जुहूस आलेल्या हवाई टपालासारखें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं. म्हणून तेंच मुख्य धरिलें आहे.

२. जुनीं मापें

कोस हें माप प्रांतोप्रांतीं भिन्न असे. स्थूलमानानें कोस म्हणजे दोन मैल असें आपण धरतों; पण डोंगरांतला कोस व देशावरचा कोस एक नव्हे. मजल तर त्याहूनही लवचिक. भारी फौजेची मजल निराळी, सड्या स्वाराची निराळी. तथापि आपल्या पूर्वजांच्या दप्तरपद्धतींत एक गोष्ट अशी होती कीं, तिच्यामुळें हा सर्व संदेह बऱ्याच अंशीं फिटतो. ती म्हणजे पैवस्तीची नोंद. पत्र ज्या दिवशीं लिहिलें गेलें ती मिति किंवा चंद्र पत्राच्या अंगीं असतो. आणि तें ज्या दिवशीं हातीं पडलें तो दिवस घेणाऱ्याचा कारकून पत्रावरच टिपून ठेवीत असे. रवानगी व पैवस्ती या दोन टोकांमधील दिवस मोजले कीं, त्या दोन स्थळांमधील त्या ऋतूंतील, त्या वर्षीचें व्यावहारिक अंतर हातीं येतें. मग कोस किती मैलांचा हा वाद अप्रस्तुत होतो.

सर्वांस ठाऊक असलेलें एक उदाहरण घेऊं. पानिपतचा संग्राम शके १६८२ पौष शुद्ध ८, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघून भेलशाच्या मुक्कामीं आले असतां २४ जानेवारीस एका सावकारी पत्रावरून त्यांस त्या अनर्थाची पहिली वार्ता कळली. पानिपत ते भेलसें हें अंतर सरळ रेषेनें सुमारें ४०० मैल. दहा दिवसांनीं भागिलें तर दिवसास ४० मैल येतात. पण येथें दोन सावधगिऱ्या राखल्या पाहिजेत. पत्र १४ तारखेसच निघालें असें गृहीत धरण्यास आधार नाहीं, आणि रस्ता सरळ रेषेनें जात नाहीं. म्हणून ४० मैल ही त्या कासिदाची गति नव्हे, तर त्याच्या गतीची खालची मर्यादा होय. शिवाय १४ पासून २४ पर्यंत दिवस दहा कीं अकरा? दोन्ही टोकें धरून मोजण्याची आपली चाल असल्यामुळें एकाच प्रवासास एक लेखक दहा दिवस म्हणतो, दुसरा अकरा म्हणतो, आणि दोघेही खरे असतात.

अंतर कालांत मोजण्याची कल्पना केवळ दप्तरी नव्हे, शास्त्रीयही आहे. आपल्या ज्योतिःसिद्धान्तांत लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा कल्पून तिच्यापासून पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गांवास देशांतरसंस्कार द्यावयास सांगितलें आहे. पृथ्वीचे ३६० अंश ६० घटकांत सूर्यासमोरून फिरतात. म्हणून एका अंशास दहा पळें. मुंबई उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारें तीन अंश आहे. तेव्हां मुंबईचा सूर्योदय, अक्षांशाचा फरक सोडला तर, उज्जयिनीच्या मागून सुमारें ३० पळांनीं, म्हणजे १२ मिनिटांनीं होतो. दोन नगरांमधील पूर्वपश्चिम अंतर पळांत सांगतां येतें, हें पंचांग करणारास नवें नाहीं. पुढें कराचीच्या प्रश्नास हाच संस्कार उपयोगीं पडणार आहे.

३. स्थळनिर्णय : जुहू म्हणजे मुंबई काय?

हवाई टपालाच्या इतिहासांत हें उड्डाण कराची ते मुंबई असें म्हटलें जातें. परंतु विमान मुंबईस उतरलें नाहीं. तें जुहूस उतरलें, आणि १९३२ सालीं जुहू मुंबई शहराच्या हद्दींत नव्हतें. साष्टी बेटाचा हा पश्चिम किनारा. १७३७ सालीं हें बेट मराठ्यांच्या हातीं आलें व १७७४ च्या अखेरीस ठाण्याबरोबर इंग्रजांकडे गेलें, हें सर्वश्रुत आहे. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यांत आला, त्यांत जुहू, विलेपार्लें, अंधेरी इत्यादि गांवें पडलीं. मुंबईच्या महापालिकेची हद्द तेव्हां माहीम व शीव येथें संपत असे. ती १९५० सालीं जोगेश्वरी व भांडुप यांपर्यंत आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंड यांपर्यंत वाढली. म्हणजे आज जो मनुष्य घाटकोपरास राहून स्वतःस मुंबईकर म्हणवितो, तो १९३२ सालीं त्याच घरांत राहता तर उपनगर जिल्ह्याचा रहिवासी ठरता.

जुहूचें विमानस्थळ १९२८ सालीं सुरू झालें. मुलकी विमानांसाठीं या देशांत झालेलें हें पहिलें स्थळ होय. त्याच सालीं स्थापन झालेल्या मुंबई फ्लाइंग क्लबांत जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं शिक्षण घेतलें व १० फेब्रुवारी १९२९ रोजीं या देशांत दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळविला. भूमि मात्र भरतीच्या खाजणाची. पावसाळ्यांत मैदान पाण्याखालीं जाई, आणि त्या महिन्यांत टाटांचें टपाल जुहू सोडून पुण्यास उतरत असे. पूर्वीं फौजा पावसाळ्यांत छावणी करून दसऱ्यानंतर मोहिमेस निघत. विमान हें नवें वाहन, पण त्यासही आरंभीं तोच ऋतुधर्म पाळावा लागला. १५ ऑक्टोबर १९३२ ची तिथि पाहिली तर शके १८५४ आश्विन वद्य १, शनिवार, अशी येते. दसरा नुकताच झाला होता व कोजागरी पौर्णिमा आदल्याच दिवशीं संपली होती. योजकांनीं मुहूर्त पाहिला असें आमचें म्हणणें नाहीं; चिखल वाळण्याचा काल जो शिलेदारास ठाऊक होता तोच वैमानिकासही पाळावा लागला, एवढेंच.

जुहूच्या विमानस्थळापासून मुंबईचें बडें टपालघर सरळ रेषेनें सुमारें अकरा मैल. विमानाचा प्रवास जुहूस संपला. पत्राचा प्रवास संपला नाहीं. म्हणून विमानाची पैवस्ती व पत्राची पैवस्ती या दोन गोष्टी निराळ्या समजल्या पाहिजेत.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत लष्करी विमानांसाठीं जुहूच्या पूर्वेस सांताक्रूझचें मोठें स्थळ वापरांत आलें व युद्धानंतर मुलकी वाहतूक तिकडे गेली. तेथून पुढें मुंबई या एकाच नांवाखालीं दोन विमानस्थळें झालीं, त्यांमधील अंतर दोन मैलांच्या आसपास. एवढ्या थोड्या अंतरानें केवढा घोटाळा होतो, त्याचीं दोन उदाहरणें प्रसिद्ध आहेत. १५ जुलै १९५३ रोजीं ब्रिटिश कंपनीचें एक कॉमेट विमान, आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजीं जपानी कंपनीचें एक डी.सी. ८ विमान, सांताक्रूझ समजून जुहूच्या आंखूड धांवपट्टीवर उतरलें. सहस्रावधि मैल अचूक येऊन शेवटच्या दोन मैलांत चुकणें, हा अनुभव हस्तलिखितांच्या स्थलनिर्णयांतही दुर्मिळ नाहीं.

४. १५ ऑक्टोबर १९३२

आतां प्रत्यक्ष उड्डाण. इंग्लंडहून विमानानें येणारें टपाल १९२९ पासून कराचीस येत असे. तेथून मुंबई व मद्रास यांकडे जाणारीं पत्रें आगगाडीनें जात, आणि कच्छचें रण व थरचें वाळवंट मध्यें आड असल्यामुळें आगगाडीस मोठा वळसा पडे. आकाशांतून आलेलें पत्र अखेरच्या टप्प्यांत पुन्हां भूमीवर रेंगाळे. हा टप्पाही विमानानें जोडावा, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकानें टाटांपुढें मांडली. तिला सरकारी संमति मिळण्यास कांहीं वर्षें गेलीं, आणि १९३२ च्या ऑक्टोबरांत ती अमलांत आली.

विमान पस मॉथ जातीचें, एका एंजिनाचें. चालक स्वतः जे. आर. डी. टाटा. कराचीच्या ड्रिघ रोड विमानस्थळावरून सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं निघून, मध्यें अहमदाबादेस उतरून, दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं तें जुहूस आलें. बरोबर सुमारें २५ किलो पत्रें होतीं. अहमदाबादेस इंधन चार-चार गॅलनांच्या डब्यांतून भरण्यांत आलें, आणि ते डबे बैलगाडीवर घालून आणले होते. नव्या वाहनाची वैरण जुन्या वाहनानें आणिली, हें दृश्य संक्रमणकालाचें उत्तम चित्र आहे. जुहूहून पुढें व्हिन्सेंट यांनीं बेल्लारीमार्गें मद्रासेस टपाल नेलें.

प्रथम अंतर. कराची ते मुंबई सरळ रेषेनें सुमारें ५४५ मैल. परंतु अहमदाबादेवरून जावयाचें म्हणजे कराची–अहमदाबाद सुमारें ३७० व अहमदाबाद–जुहू सुमारें २७५, मिळून ६४५ मैल. एका मुक्कामानें अंतर शंभर मैलांनीं वाढलें. पस मॉथची गति ताशीं सुमारें १०० मैल. त्या हिशेबानें हवेंत घालविलेला काल ६ तास २७ मिनिटांच्या आसपास येतो. नोंदलेल्या दोन वेळांमधील अंतर ७ तास १५ मिनिटें. बाकी राहिलीं ४८ मिनिटें. हीं अहमदाबादच्या मुक्कामाचीं समजावीं. डबे उतरणें, गाळून इंधन ओतणें, टपाल पाहणें, पुन्हां सुटणें, यास दोन घटका हा काल सर्वथा संभवनीय आहे. वारा अनुकूल वा प्रतिकूल असल्यास कांहीं मिनिटांचा फरक पडेल, पण मेळ बिघडत नाहीं.

येणेंप्रमाणें एकाच प्रवासाचे दोन काल झाले: उड्डाणकाल साडेसहा तासांच्या आंत व मार्गकाल सव्वासात तास. एका ग्रंथांत साडेसहा व दुसऱ्यांत सव्वासात आढळल्यास लागलीच एकास खोटा ठरवूं नये.

५. घड्याळ कोणतें?

येथवरचें सर्व गणित एका गृहीतावर उभें आहे: दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या आहेत. हें गृहीत तपासल्यावांचून सोडतां येत नाहीं. कारण मुंबईच्या घड्याळांचा इतिहास विलक्षण आहे. मुंबईचा स्वतःचा स्थानिक काल ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें. आगगाड्या मात्र मद्रासच्या कालावर चालत. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं मद्रासचा काल शहरावर लादण्याचा प्रयत्न केला. लोकांनीं तो मानिला नाहीं व दोन वर्षांत तो सोडून द्यावा लागला. पुढें १९०६ पासून ८२॥ अंश रेखांशावरील प्रमाण काल सर्व देशास लागू झाला, तोही मुंबईनें सुखासुखीं स्वीकारला नाहीं. आगगाडी, तार व टपाल प्रमाण कालावर, आणि महापालिका व पुष्कळ नागरिक मुंबई कालावर, असा दुहेरी व्यवहार १९५५ पर्यंत चालला. दोहोंत फरक ३९ मिनिटांचा. आपल्या मापानें एक घटका साडेसदतीस पळें.

आतां शंका अशी कीं, जुहूची १ वाजून ५० मिनिटें ही वेळ मुंबई कालाची असेल तर? तसें असल्यास प्रमाण कालानें २ वाजून २९ मिनिटें होतात, मार्गकाल ७ तास ५४ मिनिटें होतो, आणि अहमदाबादचा मुक्काम ४८ मिनिटांऐवजीं १ तास २७ मिनिटांचा मानावा लागतो. बैलगाडीनें इंधन आणविणाऱ्या स्थळीं हाही काल अशक्य नाहीं. म्हणजे केवळ गतीच्या गणितानें हा प्रश्न सुटत नाहीं. दुसरा पुरावा हवा.

तो पुरावा सूर्य देतो. कराची प्रमाण रेखांशाच्या पश्चिमेस सुमारें १५॥ अंश, म्हणजे तेथील स्थानिक काल प्रमाण कालाच्या मागें सुमारें ६२ मिनिटें. १५ ऑक्टोबरच्या सुमारास कराचीस सूर्योदय स्थानिक मध्यम कालानें सहास दोन मिनिटें कमी असतांना होतो. प्रमाण कालानें तीच वेळ सातची. निघण्याची वेळ ६-३५ ही कराचीच्या स्थानिक कालाची मानली, तर विमान सूर्य चांगला वर आल्यावर, उदयानंतर अर्ध्या तासाहून अधिक कालानें, निघालें असें होईल. प्रमाण कालाची मानली, तर तें सूर्योदयापूर्वीं एक घटका, नुकतें उजाडत असतांना निघालें. टाटांनीं पुढें आपल्या आठवणींत हें उड्डाण ऑक्टोबरांतील पहांटेचें म्हणून वर्णिलें आहे. तेव्हां कराचीचें घड्याळ प्रमाण कालाचें होतें हें सूर्याच्या साक्षीनें ठरतें.

मग जुहूचें काय? टपाल खातें १९३२ सालीं सर्वत्र प्रमाण काल पाळीत होतें. हें उड्डाण टपालाचें होतें व त्याच्या दोन्ही वेळा एकाच वृत्तांतांत एकामागून एक दिल्या जातात. शिवाय मुंबई काल ज्या महापालिकेनें धरून ठेविला होता तिची हद्द जुहूपर्यंत पोहोंचतच नव्हती. म्हणून दोन्ही टोकांस प्रमाण काल धरणें न्याय्य होय, आणि ७ तास १५ मिनिटें हा मार्गकाल ग्राह्य ठरतो. शहरांतील ज्या गृहस्थाच्या भिंतीवर मुंबई काल होता, त्याच्या घड्याळांत मात्र त्या क्षणीं १ वाजून ११ मिनिटें झालीं होतीं. त्याच्या रोजनिशींत विमान एकच्या सुमारास आल्याची नोंद सांपडली, तर तीही खोटी नव्हे.

याच अनुरोधानें आणखी एक सूचना. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळें देशाचें घड्याळ आणखी एक तास पुढें होतें. त्या तीन वर्षांतील कागदांवरील वेळा वापरतांना हा संस्कार विसरूं नये. तसेंच पाकिस्ताननें १९५१ सालीं आपला काल भारताच्या अर्धा तास मागें नेला. तेव्हांपासून कराची व मुंबई यांच्या वेळांची सरळ वजाबाकी करतां येत नाहीं.

६. लंडनचें अंतर : तोच न्याय

जो न्याय कराचीस तोच लंडनास. आफ्रिकेस वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांस इंग्लंड गाठण्यास कित्येक महिने लागत. वाफेच्या बळावर हा मार्ग तांबड्या समुद्रांतून आंखूड करण्याचा पहिला यत्न मुंबईहून झाला. ह्यू लिंडसे हें आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघून २२ एप्रिलास सुएझास पोहोंचलें. तारखांची वजाबाकी ३३ दिवस. पण एवढ्या प्रवासास पुरेल इतका कोळसा पोटांत मावत नसल्यामुळें एडनसारख्या बंदरांत थांबून तो भरून घ्यावा लागला, आणि त्यांत बरेच दिवस गेले. म्हणजे मार्गकाल व गतिकाल यांचा भेद येथेंही आहे; बैलगाडीवरील डब्यांच्या जागीं कोळशाचीं पोतीं, एवढाच फरक.

लंडन–कराची हवाई मार्गाचें पहिलें टपाल ३० मार्च १९२९ रोजीं क्रॉयडनहून निघून ६ एप्रिलास कराचीस आलें. यास सात दिवसांचें उड्डाण म्हणण्याची चाल आहे. वस्तुतः त्यांतील बाझलपासून जिनोव्यापर्यंतचा टप्पा आगगाडीचा होता, जिनोव्याहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारीं विमानें होतीं, आणि तेथून पुढें पुन्हां भूमीवर उतरणारें विमान. रात्रीं मुक्काम. मजल-दरमजल या जुन्या शब्दप्रयोगास याहून चांगलें नवें उदाहरण शोधून सांपडणार नाहीं.

स्वातंत्र्यानंतर एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें कॉन्स्टेलेशन जातीचें विमान ८ जून १९४८, मंगळवार, रोजीं मुंबईहून निघून कैरो व जिनीव्हा येथें थांबून १० जूनास लंडनास पोहोंचलें. चालक कॅप्टन के. आर. गझदर, उतारू ३५, एकेरी भाडें १,७२० रुपये. येथें ८, ९ व १० अशा तीन तारखा लागतात, आणि त्यावरून प्रवासास तीन दिवस लागले असें कोणी लिहील. पण पानिपतच्या पत्राप्रमाणेंच येथेंही टोकें धरून मोजणें व अंतर मोजणें यांत भेद केला पाहिजे. भरीस लंडनचें घड्याळ. जून महिन्यांत तेथें उन्हाळी काल चालू असल्यामुळें तें भारताच्या मागें साडेचार तास होतें, हिंवाळ्यांत साडेपांच. मुंबईहून निघण्याची वेळ लंडनास पोहोंचण्याच्या वेळेंतून वजा केली तर प्रवास खऱ्याहून साडेचार तासांनीं लहान दिसतो, आणि परतीचा तेवढाच मोठा.

१९६० सालीं बोइंग ७०७ जातीचीं जेट विमानें या मार्गावर आलीं. आज मुंबई–लंडन हें सुमारें ७,२०० किलोमीटरांचें अंतर विमान न थांबतां नऊ ते दहा तासांत तोडतें. पण पश्चिमेस जातांना वरच्या थरांतील पश्चिमी वारा अंगावर येतो म्हणून जाण्यास अधिक व येण्यास कमी काल लागतो. जाण्याचें अंतर व येण्याचें अंतर एक नव्हे, हें गलबतांच्या तांडेलांस मोसमी वाऱ्यामुळें पूर्वींपासून ठाऊक होतेंच.

७. मार्ग मोकळा असणें

येथवर अंतराचीं कारणें आपण भूमि, ऋतु, इंधन, वारा व घड्याळ यांत शोधलीं. एक कारण राहिलें. मराठेशाहीच्या अभ्यासकांस तेंच सर्वांत परिचयाचें. वाट चालू असणें. नदी उतारास असली, चौकी मोकळी असली व रहदारीचें दस्तक जवळ असलें तर पन्नास कोस जवळ. नाहीं तर पांच कोसही दूर.

टाटांनीं १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, उड्डाणास पन्नास वर्षें झालीं म्हणून, वयाच्या ७८ व्या वर्षीं लेपर्ड मॉथ जातीच्या लहान विमानानें कराचीहून जुहूचा प्रवास पुन्हां केला. मध्यें आंतरराष्ट्रीय सीमा पडली होती, तीन युद्धें होऊन गेलीं होतीं, तरी तेव्हां ती वाट मिळाली. १५ ऑक्टोबर २०२१ रोजीं बोरिवलीच्या आरोही पंडित या तरुण वैमानिकेनें त्याच स्मरणार्थ अहमदाबादमार्गें जुहूपर्यंत उड्डाण केलें, तेव्हां आरंभ कराचीहून नव्हे, भुजेहून झाला. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्ताननें आपलें आकाश मिटलें असतां भारतांतून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांस वळसा पडला व त्यांचे प्रवासकाल वाढले. एप्रिल २०२५ मध्यें भारतीय विमानांस तें पुन्हां मिटलें.

याचा परिणाम पाहा. मुंबई–कराची सरळ अंतर पूर्वींइतकेंच, सुमारें ८७५ किलोमीटर. आजच्या विमानास दीड तास पुरे. पण दोन नगरांमध्यें थेट विमान नाहीं. दुबईस जाऊन परतावें तर तीन हजार किलोमीटरांहून अधिक मार्ग आक्रमावा लागतो, आणि तेथें दुसऱ्या विमानाची वाट पाहण्याचा काल त्यांत मिळविला तर १९३२ च्या पस मॉथचे सव्वासात तासही थोडे ठरण्याचा संभव आहे. वाहनाची गति पांचपटीहून अधिक वाढली, अंतर तेंच राहिलें, आणि काल कमी झाला नाहीं. ज्यांचे पूर्वज कराचीच्या मराठी वस्तींत राहिले त्या कुटुंबांस हें गणित कोणी शिकवावयास नको. फाळणीपूर्वीं कराची मुंबई इलाख्यांत होती; सिंध १९३६ सालीं निराळा होईपर्यंत दोहोंचा गव्हर्नरही एक होता. टाटांचें पहिलें टपाल, वाटेंतील संस्थानी मुलूख सोडला तर, एकाच इलाख्याच्या दोन बंदरांमध्यें आलें होतें.

८. संग्राहकांस विनंति

या सर्व विवेचनाचा व्यवहारांतील उपयोग एकच, आणि तो संग्राहकांच्या हातीं आहे. मोडी पत्रावरील पैवस्तीचें स्थान अर्वाचीन पत्रव्यवहारांत टपालाच्या शिक्क्यानें घेतलें आहे. निघण्याच्या ठाण्याचा शिक्का म्हणजे रवानगी. पाठीवरचा पोहोंचल्याचा शिक्का म्हणजे पैवस्ती. हा शिक्का पत्रावर नसतो, पाकिटावर असतो. आणि घरोघरचीं जुनीं पत्रें जपणारे लोक पत्र ठेवून पाकीट टाकून देतात. ज्यांनीं पाकिटें जपलीं त्यांपैकीं पुष्कळांनीं तीं केवळ तिकिटांकरितां जपलीं, आणि तिकीट कापून घेतांना अर्धा शिक्काही कापला. हा ऱ्हास पेशवे दप्तरांतील पैवस्तीची कड वाळवीनें खाण्यासारखाच आहे. भेद इतकाच कीं, येथें वाळवी आपण आहों.

तेव्हां मुंबईच्या उपनगरांतील जुन्या घरांत १९३२ नंतरचीं हवाई टपालाचीं पाकिटें, छापील वेळापत्रकें, विमानाचीं तिकिटें किंवा वैमानिकांच्या नोंदवह्या कोणास आढळल्यास तीं पत्रांपासून विलग करूं नयेत. नोंद करतांना चार गोष्टी टिपाव्या: निघण्याचें नेमकें ठिकाण, पोहोंचण्याचें नेमकें ठिकाण, वेळ कोणत्या कालाची, आणि मध्यें मुक्काम किती. मुंबई असें न लिहितां जुहू, सांताक्रूझ किंवा बडें टपालघर असें लिहावें. ज्या पाकिटावर कराची व मुंबई दोहोंचे शिक्के वाचतां येतात तें विशेष जपावें. विमान सव्वासात तासांत आलें हें वरील विवेचनानें ठरतें. पत्र किती कालांत आलें हें तें पाकीटच सांगूं शकतें.